आईच्या पायाचे चौदा अंश

आमच्या भिवंडीतल्या एका हाडांच्या दवाखान्यात, बाहेरच्या बसायच्या खोलीत, पाण्याच्या कूलरच्या वर माझ्या आईचा उजवा पाय टांगलेला होता. म्हणजे पायाचे दोन एक्स-रे, शेजारी शेजारी, एकाच चौकटीत. एकावर 'ऑपरेशनआधी', खाली चौतीस अंश. दुसऱ्यावर 'ऑपरेशननंतर', खाली चौदा अंश. नाव कुठेच नव्हतं, पण आईच्या करंगळीचं हाड लहानपणी मोडून वाकडंच जुळलेलं आहे, ते मी हजार पायांत ओळखीन. आणि त्या चौकटीच्या बरोबर खाली, प्लास्टिकच्या खुर्चीवर, त्याच पायाची मालकीण बसली होती, अंगठ्याचं मूळ दोन्ही हातांनी दाबून धरून. पाणी प्यायला येणारे लोक वर बघून मान डोलवत होते. खाली कोणी बघत नव्हतं.

माझ्या घरचे म्हणतात, माझा राग दुधासारखा आहे, बघता बघता उतू जातो आणि लगेच बसतो. एरवी ते खरं आहे. हा मात्र बसलेला नाही. तो कूलर आठवला की अजून माझं डोकं तापतं.

आईनं बावीस वर्षं कांड्या भरल्या. लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, धोट्यात सुताची जी नळी बसते ती कांडी. मग कारखाना बंद झाला, लूम भंगारात गेले आणि तिथल्या बायका गोदामांकडे वळल्या. आई खारबावच्या रस्त्याला एका मोठ्या गोदामात पॅकिंगला लागली. नऊ तासांची ड्युटी, सरकत्या पट्ट्यासमोर उभं राहून. पायात कंपनीचे सेफ्टी बूट, पुढे लोखंडी टोपी असलेले. ते बूट पुरुषांच्या मापाचे. लांबीला मोठे होतात म्हणून बायकांनी छोटा नंबर घ्यायचा, आणि छोटा नंबर घेतला की पंजा आवळतो. मी एकदा ते बूट हातात घेऊन नीट पाहिले. बायकांनाही पाय असतात, हे ते बनवणाऱ्याला कोणी सांगितलेलं दिसत नव्हतं.

तीन वर्षांत आईचा अंगठा शेजारच्या बोटावर चढला आणि त्याच्या मुळाशी हाड सुपारीसारखं बाहेर आलं. डॉक्टर म्हणाले, याला बनियन म्हणतात. आई माझ्या कानाशी लागली, "बनियन त तुजा बाप घालायचा." मी हसू दाबलं. डॉक्टर सभ्य होते, समजावून सांगत होते. हाड कापून सरळ करायचं, स्क्रू लावायचा, चार महिन्यांत मावशी पळतील. त्यांनी ठाण्याच्या एका सेंटरवरून पायाचा एक्स-रे काढून आणायला सांगितला, कारण त्यांचं स्वतःचं मशीन तेव्हा बसायचं होतं. तो आला चौतीस अंश.

ऑपरेशन झालं. दीड महिना आई टाचेवर चालायचा तो विचित्र बूट घालून घरात फिरली. चार महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढायला बोलावलं. एव्हाना दवाखान्यातच मशीन आलं होतं. एक्स-रे काढणारे आमच्याच भागातले कोकणी मुसलमान गृहस्थ, पन्नाशीचे, दाढी पांढरी, बोलायला मृदू. त्यांनी शाळेच्या पाटीएवढी एक प्लेट जमिनीवर ठेवली आणि आईला म्हणाले, "भाभी, यावर उभं राहायचं." मला बाहेर थांबायला सांगितलं. दार लोटायच्या आधी मी पाहिलं, आई वाकली, तिनं प्लेटला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. मला गंमत वाटली. आई बसमध्ये चढतानाही पायरीला हात लावते. दार बंद झालं.

मग आम्हा दोघींना आपल्या खोलीत बसवून डॉक्टरांनी पडद्यावर फिल्म घेतली. अंगठ्याच्या हाडातून एक रेष काढली, त्याच्या मागच्या लांब हाडातून दुसरी. दोन रेषा जिथे भेटल्या तिथे आकडा उमटला, चौदा. "पंधराच्या आत म्हणजे नॉर्मल," ते म्हणाले. "सुंदर रिझल्ट. ही केस मी बाहेर लावणार आहे." त्यांनी आईच्या पायाला हात लावला नाही. पडद्यावरून नजर काढून पायाकडे पाहिलं असेल तर ते मला तरी दिसलं नाही.

आता माझा गुन्हा सांगते. मी शाळेत गणित शिकवते. कोन मोजणं हा माझा रोजचा धंदा. डॉक्टरांनी रेषा काढल्या तेव्हा मला राग नाही, आनंद झाला. मी फिल्म घरी आणली, खिडकीच्या काचेवर चिकटवली, वर्गातला कोनमापक काढला, टोकदार पेन्सिलीनं रेषा आखल्या आणि मोजलं. चौदा. अर्धा अंशही इकडेतिकडे नाही. मी आईला हाक मारून दाखवलं. "बघ, चौदा. मी स्वतः मोजलंय."

आई खिडकीशी येऊन बघत राहिली. मग म्हणाली, "मना त दुखतं, बाय."

"दुखेल थोडे दिवस. नवीन आहे."

त्यानंतर आई कामावर गेली. डॉक्टरांच्या कागदावर 'कामास योग्य' असं लिहिलं होतं, म्हणून पुन्हा पट्ट्यासमोर, पुन्हा उभी. संध्याकाळी घरी आली की जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पायरी चढायची. अंगठा पुन्हा थोडा थोडा सरकतोय असं ती म्हणायची. तिच्या सुपरवायझरनं, तो माणूस वाईट नव्हता, सांगितलं की लेबल लावायच्या टेबलाला स्टूल आहे, तिथे बसून काम मिळेल. फक्त डॉक्टरांची एक ओळ आणा, 'बसून काम द्यावे'. एवढंच. एक ओळ.

ती ओळ मागायला आम्ही तीनदा गेलो. डॉक्टर प्रत्येक वेळी तीच फिल्म पडद्यावर आणायचे. "मॅडम, तुम्ही तर गणिताच्या. चौदा अंशावर मी काय लिहू? उद्या कंपनीनं विचारलं तर?" तिसऱ्या खेपेला ते आईला म्हणाले, "मावशी, काही लोकांना दुखण्याची सवय होते. मनातून काढून टाका." आईनं पाय खुर्चीखाली ओढून घेतला. बाहेर येताना आम्ही त्या चौकटीखालून गेलो.

मनातून काढून टाका. जसं काही आईनं दुखणं मनात साठवून ठेवलं होतं, लोणच्याच्या बरणीसारखं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, असं आपण सहज म्हणतो. पण दवाखान्यात ज्याचं जळतं त्यालाच सोडून सगळ्यांना कळतं. घरीही वेगळं काही नव्हतं. भाऊ म्हणाला, तिला गोदामाचाच कंटाळा आलाय, सरळ सांगत नाही. आणि मी? मी भावाला उलट बोलले, पण मनातल्या मनात मलाही चौदाच दिसत होते. एक दिवस ती भाजी निवडताना कण्हली आणि माझ्या तोंडून गेलं, "आई, रिपोर्ट चांगला आहे ना पण." त्यानंतर ती माझ्यासमोर कण्हायची बंद झाली.

पुढचं सगळं चपलेमुळे झालं. एका चांभारानं सांगितलं की पायाच्या आकाराची, अंगठ्याला जागा ठेवून चप्पल करून देतो, कागदावर पायाचा आराखडा काढून आणा. मी वर्तमानपत्र पसरलं. आई त्यावर पाय ठेवायला तयार होईना. "अक्षरं हायत त्याच्यावर." मग मी कोरा ड्रॉइंग पेपर आणला. "यावर एक अक्षर नाही. ठेव." तिनं आधी कागदाला हात लावून कपाळाला लावला, मग उजवा पाय ठेवला. मी पेन्सिल फिरवली. आकार बारीक आला, एखाद्या मुलीच्या पायासारखा.

"आई, पूर्ण टेक."

"टेकलाय."

मी सहज कागद ओढून पाहिला. आई त्यावर उभी होती आणि कागद तिच्या पायाखालून सरळ निघून आला. फाटला नाही, अडकला नाही. माझ्या हातात कागद आणि समोर उभी असलेली आई. सगळा भार डाव्या पायावर, उजवा नुसता लावलेला, वर्गात उशिरा आलेलं पोर दाराशी उभं राहतं तसा.

"पाय का टेकत नाहीस?"

"कोरा असला तरी कागद हाय. विद्या हाय ती. तू त्याच्यावर पोट भरतेस. त्याच्यावर अख्खं अंग टाकू?"

मला तिच्या कारखान्याची आठवण झाली. दसऱ्याला लूमला हार घालायचे, आणि वर्षभर चुकून पाय लागला तरी हात लावून माफी मागायचे. खाली पडलेली कांडीसुद्धा आई कधी ओलांडून गेली नाही. उचलून बाजूला ठेवायची आणि मग पुढे जायची. हे सगळं मला जन्मापासून ठाऊक होतं. तरी मला विचारायला सहा महिने लागले.

"आई, एक्स-रेच्या प्लेटवर कशी उभी राहिली होतीस?"

"अशीच."

"अशीच म्हणजे?"

"त्या मानसाचं पोट हाय त्या मशीनवर. काच फुटली मंजी? नुसता लावला व्हता."

"आणि ठाण्याला?"

"तिथं लाकराची पायरी व्हती. प्लेट आतमंदी घातलेली. पायरीवर कोन पाय न्हाय देनार?"

मी फरशीवर बसले. खडू आणला. आईला खुर्चीवर बसवून पाय फरशीवर नुसता ठेवायला लावला आणि भोवती रेष काढली. मग तिला उभं केलं, डावा पाय उचलायला लावून, माझ्या खांद्याला धरून, आणि त्याच जागी दुसऱ्या रंगाच्या खडूनं दुसरी रेष काढली. फरशीला पाय देण्यात आईला काही वावगं नव्हतं. दुसऱ्या रेषेत अंगठा शेजारच्या बोटाकडे सरकला होता आणि मुळाशी हाड फुगून बाहेर आलं होतं. खडूची रेघ जाड असते, पण हा फरक बघायला कोनमापक लागत नव्हता. आई वाकून बघत होती. "ह्योच," ती म्हणाली. "ह्योच दुखतो."

मी फरशीचा फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी अर्धी सुट्टी टाकून आईला घेऊन दवाखान्यात गेले. रिक्षात मी काय काय बोलायचं ते घोकत होते. आई म्हणाली, "भांडू नको." मी म्हटलं, भांडत नाही. हे खोटं होतं.

डॉक्टरांनी खडूचा फोटो पाहिला आणि हसले. "मॅडम, हे शाळेत चालतं."

"मग तुमच्या पद्धतीनं मोजा. पण ती उभी असताना."

"त्या उभ्याच होत्या की. उभ्यानंच काढतो आम्ही."

"उभी होती, पण त्या पायावर नव्हती. तिला तुमच्या प्लेटवर पाय द्यायचा नव्हता. तुम्ही मोजला तो तिचा पाय नाही, तिचा नमस्कार आहे."

माझा आवाज चढला होता. बाहेरचे पेशंट दाराशी आले. डॉक्टरांनी खांदे उडवले आणि चिठ्ठी लिहिली, बहुतेक मी तिथून उठावं म्हणून.

एक्स-रेच्या खोलीत या वेळी मी बाहेर गेले नाही. त्या गृहस्थांनी मला जड एप्रन घालायला दिला. मी त्यांना सगळं सांगितलं तेव्हा ते प्लेट जमिनीवर ठेवता ठेवता थांबले. मग म्हणाले, "मी बघितलं होतं मागच्या वेळी, पाय हलका आहे. मला वाटलं दुखतोय म्हणून टेकत नाहीत. बाईमाणूस, त्यात ऑपरेशनवाली. कसा जोर करणार?" म्हणजे एकानं आदर राखला म्हणून भार दिला नाही आणि दुसऱ्यानं मान राखला म्हणून सांगितलं नाही. दोघांच्या चांगुलपणातून तो चौदाचा आकडा निघाला होता, आणि तिसऱ्यानं तो चौकटीत घालून भिंतीवर लावला. पहिल्या दोघांवर मला रागावता येईना. सगळा राग मी तिसऱ्यासाठी राखून ठेवला.

आई प्लेटसमोर उभी राहिली. वाकली, हात लावला. पाय उचलला आणि तसाच धरून राहिली. "मना न्हाय होत," ती म्हणाली.

तेव्हा त्या गृहस्थांनी आपल्या चपला काढल्या, प्लेटवर चढले आणि दोन्ही पायांवर घट्ट उभे राहिले. "हे बघा भाभी. माझंच मशीन, माझंच पोट. मी उभा आहे, काय फुटलं? तुम्ही नाही उभ्या राहिलात तर माझं काम खोटं होतं. आता सांगा, पाप कशात आहे?"

ते उतरले, त्यांनी प्लेट कापडानं पुसली. आईनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग तिनं पाय ठेवला, डावा उचलला, टेबलाची कड धरली आणि त्या अंगठ्यावर स्वतःला सोडलं. तिचा चेहरा कसा झाला ते मी लिहिणार नाही. गोदामात नऊ तास तो चेहरा तसाच असायचा आणि आम्ही घरी बसून चौदा म्हणत होतो.

बावीस. डॉक्टरांनी रेषा पुसून पुन्हा काढल्या. बावीस. मग त्यांनी मागच्या लांब हाडातली रेष थोडी वेगळ्या जागेतून काढून पाहिली. एकवीस पॉइंट आठ.  "थोडं परत गेलंय," ते पडद्याकडेच बघत म्हणाले. "होतं असं काही केसेसमध्ये." मी वाट पाहत होते की ते आता आईकडे बघतील आणि काहीतरी म्हणतील. मनातून काढून टाका म्हणाल्याबद्दल एखादा शब्द. त्यांनी लेटरहेड ओढलं आणि ती एक ओळ लिहिली, 'बसून काम द्यावे'. सहा महिने आणि चार खेपा, आणि लिहायला अर्धं मिनिट लागलं. आईनं कागद दोन्ही हातांनी घेतला आणि कपाळाला लावला. त्या कागदाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

बाहेर येऊन मी काउंटरवरच्या मुलीला सांगितलं, ती चौकट उतरवा. ती म्हणाली, सरांना विचारावं लागेल. मी म्हटलं, विचारा. ती आत गेली आणि बाहेर येऊन म्हणाली, सर म्हणतात बघू. बघू. मी पर्समधून लाल पेन काढलं. पेपर तपासायचं, नेहमीचं. मी कूलरपाशी गेले आणि मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "हे उत्तर चुकलंय. हा आकडा खोटा आहे. यांनी बाईला त्या पायावर उभंच केलं नव्हतं, आणि ही बाई दुखतंय म्हणाली तर यांनी तिला सांगितलं की तुझ्या मनात आहे. यांना कोन दिसला, बाई दिसली नाही."

लोक बघत होते. मी काचेवर चौदा हा आकडा खोडायला हात वर केला.

"बाय," मागून आई म्हणाली. ती खुर्चीवर बसली होती, कागद पदराखाली. "त्याला काय बोलतेस? तू पन मापलं व्हतंस."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर देता आलं असतं, मला ती कला येते. ती नुसतं सांगत होती, जे झालं ते, क्रमानं. डॉक्टरनं मोजलं. मग तू मोजलंस. तो परका होता.

मी पेनाला टोपण लावलं. दाराबाहेर चपलांच्या ढिगातून आईच्या चपला शोधून आणल्या आणि तिच्यासमोर खाली बसले. उजवी चप्पल अंगठ्याला लागू नये म्हणून जपून चढवायची असते. मी तिची टाच तळहातावर घेतली.

"आई, टेक. पूर्ण टेक माझ्या हातावर."

"टेकलाय," ती म्हणाली.

माझ्या हातावर काहीच वजन नव्हतं.